रिकॉम्बिनंट मानवी अल्फा-बी क्रिस्टलिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपी बोटाच्या पेराएवढी, आतलं प्रथिन डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकं, आणि त्याबद्दलचे प्रश्न मात्र संपता संपत नाहीत. हे प्रथिन तयार करणं, शुद्ध करणं आणि लोकांचे फसलेले प्रयोग उलगडून पाहणं हेच काम असल्यामुळे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. क्रमाने वाचायची गरज नाही, प्रयोग जिथे अडला असेल तिथून सुरुवात करा.

हे प्रथिन नेमकं आहे तरी काय?

अल्फा-बी क्रिस्टलिन हे १७५ अमिनो आम्लांचं, सुमारे २० किलोडाल्टन वजनाचं मानवी प्रथिन. त्याचं जनुक, सीआरवायएबी, ११ व्या गुणसूत्रावर आहे. रिकॉम्बिनंट म्हणजे ते जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालून त्याच्याकडून बनवून घेतलेलं. छोट्या हीट शॉक प्रथिनांच्या घराण्यात ते एचएसपीबी५ या नावाने ओळखलं जातं. दोन कॅटलॉगांत ही दोन वेगळी नावं दिसली तर गोंधळू नका, माल एकच.

'क्रिस्टलिन' हे नाव डोळ्यातल्या भिंगावरून पडलं. तिथे ते आपल्या भावंडासोबत, म्हणजे अल्फा-ए क्रिस्टलिनसोबत, नांदतं. साधारण तीन भाग ए असेल तर एक भाग बी. पण ए जवळजवळ भिंगापुरतंच मर्यादित आहे. बी मात्र हृदयाच्या आणि इतर स्नायूंत भरपूर सापडतं, मेंदूच्या आधारपेशींतही सापडतं, आणि पेशीला उष्णतेचा किंवा जड धातूंचा त्रास झाला की त्याचं उत्पादन वाढतं.

प्रथिनांची घडी आणि गुठळी यांचा संबंध काय?

अमिनो आम्लांची साखळी तयार झाली म्हणजे प्रथिन झालं असं नाही. ती ठरावीक आकारात दुमडली गेली तरच कामाची. आकार साखळीच्या क्रमातच लिहिलेला असतो, हे ख्रिश्चन अँफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएझ या एन्झाइमवर दाखवलं आणि त्यासाठी १९७२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. मात्र ते प्रयोग विरळ द्रावणात झाले. पेशीत दर मिलिलिटरला शेकडो मिलिग्रॅम प्रथिनं खच्चून भरलेली असतात. अर्धवट घडी पडलेल्या साखळीचे पाण्याला टाळणारे, चिकट भाग उघडे असतात. घडी पूर्ण झाली की ते आत झाकले जातात. त्याआधीच शेजारच्या तशाच उघड्या साखळीशी गाठ पडली तर दोघी एकमेकींना धरून बसतात. तिसरी येते, चौथी येते, आणि गुठळी होते. अंडं उकडताना पांढरा भाग घट्ट होतो तो याच मार्गाने.

गुठळ्याही दोन जातींच्या. एक बेशिस्त, नुसता ढिगारा. दुसरी अमायलॉइड, म्हणजे शिस्तीत रचलेले तंतू. पार्किन्सन आजारातलं अल्फा-सिन्युक्लिन आणि अल्झायमरमधलं अमायलॉइड-बीटा ही दुसऱ्या जातीची ठळक उदाहरणं. प्रयोग आखताना तुमची गुठळी कोणत्या जातीची हे आधी ठरवा. चाचणी त्यावरच अवलंबून आहे.

अशी नको ती सलगी टाळणाऱ्या प्रथिनांना चॅपरोन म्हणतात. हा शब्द या अर्थाने रॉन लास्की आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एका प्रथिनापुरता वापरला, पुढे १९८७ मध्ये जॉन एलिस यांनी त्याची व्याप्ती वाढवली. मराठीत मला 'पाठराखीण' हा शब्द जास्त आवडतो: सोबत असते, पण संसार तिचा नसतो. चॅपरोनही तयार झालेल्या आकाराचा भाग होत नाही.

म्हणजे हे प्रथिन इतर प्रथिनांची घडी घालून देतं ना?

नाही. निम्मे प्रयोग या एका गैरसमजापायी वाया जातात, म्हणून इथे जरा थांबतो.

चॅपरोनमध्ये कामाची वाटणी आहे. एचएसपी७० सारखी प्रथिनं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून साखळीला धरतात, सोडतात, पुन्हा धरतात, आणि या धर-सोडीत तिला नीट दुमडायची संधी मिळते. अल्फा-बी क्रिस्टलिन एटीपी वापरून असं काही करत नाही. घडी सुटू लागलेल्या प्रथिनाला ते फक्त सावरून धरतं, गुठळीच्या वाटेवर जाऊ देत नाही. जोसेफ होरविट्झ यांनी १९९२ मध्ये भिंगातल्या अल्फा क्रिस्टलिनचा हा गुण दाखवला, तोवर ते भिंग पारदर्शक ठेवणारं नुसतं भरावाचं सामान समजलं जाई.

तेव्हा तापवून निकामी झालेलं एन्झाइम घेतलं, त्यात आमचं प्रथिन आणि एटीपी घातलं, तासभर थांबलो आणि एन्झाइम काही जिवंत झालं नाही, अशी तक्रार आली तर माझं उत्तर एकच असतं: होणारच नव्हतं. पुन्हा घडी हवी असेल तर पुढचा टप्पा एचएसपी७० आणि त्याच्या जे-प्रथिन साथीदाराकडे सोपवावा लागतो. अल्फा-बी क्रिस्टलिनने सावरलेला माल त्यांच्या हाती सहज लागतो. गुठळी झाल्यावर उचलायला गेलात तर काम कितीतरी अवघड.

आधीच झालेली गुठळी सोडवणं हीदेखील याची कामगिरी नव्हे. मानवी पेशीत ते काम मुख्यतः एचएसपी७०, डीएनएजेबी१ हे जे-प्रथिन आणि एचएसपी११० गटातलं प्रथिन मिळून करतात. परीक्षानळीत या तिघांनी अल्फा-सिन्युक्लिनचे तंतूसुद्धा तोडले आहेत.

नुसतं सावरून धरण्यात एवढं काय मोठं?

भिंगात पाहा. भिंगाच्या तंतुपेशी प्रौढ होताना आपलं केंद्रक आणि इतर अंगकं टाकून देतात, कारण त्यांनी प्रकाश विखुरतो. त्यानंतर नवं प्रथिन बनत नाही, जुनं बदललं जात नाही. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं माणूस जन्माला येण्याआधीची असतात आणि मरेपर्यंत तीच राहतात. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ चा माग घेऊन डॅनिश संशोधकांनी २००८ मध्ये हे पडताळून दाखवलं. ग्रीनलंड शार्कचं वय काढायलाही त्याच्या भिंगाचा गाभाच कामी आला. २०१६ मधल्या त्या अभ्यासात सर्वांत मोठी मादी किमान २७२ वर्षांची निघाली. इतका काळ दुरुस्तीशिवाय टिकायचं तर घडी सुटलेल्या प्रत्येक रेणूला कोणीतरी धरून ठेवणारा हवाच. धरणारे संपले, म्हणजे अल्फा क्रिस्टलिनचा मोकळा साठा आटला, की धूसरपणा वाढतो. वयोमानाने होणाऱ्या मोतीबिंदूमागचं हे एक मोठं कारण मानलं जातं.

जेलवर २० किलोडाल्टन दिसतं आणि कॉलममधून सहाशेच्या आसपास उतरतं. माल खराब आहे का?

माल उत्तम आहे. हे प्रथिन एकटं राहत नाही. वीस-तीस एककं मिळून पोकळ गोळ्यासारखा समूह करतात, व्यास साधारण १५ नॅनोमीटर. समूहांची संख्याही पक्की नाही: मास स्पेक्ट्रोमीटरवर दहापासून चाळीसपर्यंतचे समूह दिसतात, आणि एककं एका समूहातून दुसऱ्यात सतत ये-जा करतात. म्हणून कॉलमवरचं शिखर रुंद येतं. अणकुचीदार शिखर आलं तर उलट मला शंका येते.

याचा हिशेबावर परिणाम होतो. दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे एककाच्या हिशेबाने सुमारे ५० मायक्रोमोलर, पण २४ च्या समूहाच्या हिशेबाने जेमतेम २. कोणता हिशेब धरला ते वहीत लिहा, अहवालातही लिहा. शोधनिबंधांतले आकडे जुळत नाहीत तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं.

ई. कोलायमध्ये बनवलेलं प्रथिन माणसातल्या प्रथिनासारखंच असतं का?

क्रम तोच, साज वेगळा. माणसात पहिल्या अमिनो आम्लावर ॲसिटिल गट बसतो, आणि ताण आला की १९, ४५ आणि ५९ क्रमांकाच्या सेरिनवर फॉस्फेट बसतो. फॉस्फेट बसला की मोठे समूह सुटून लहान होतात. जिवाणू हे काहीच करत नाही. फॉस्फेटचा परिणाम पाहायचा असेल तर त्या तीन सेरिनच्या जागी ॲस्पार्टेट घातलेला बदललेला प्रकार वापरतात. नक्कलच ती, पण बरीच उपयोगी.

एक सोय अशी की मानवी अल्फा-बी क्रिस्टलिनमध्ये सिस्टीन एकही नाही. त्यामुळे डायसल्फाइड बंध चुकीचे जुळले का, या चिंतेतून सुटका. अल्फा-ए मध्ये दोन आहेत.

हिस्टिडीन टॅग असलेलं घ्यावं की नसलेलं?

टॅग म्हणजे शुद्धीकरण सोपं व्हावं म्हणून टोकाला जोडलेला तुकडा. शक्य असेल तर नसलेलं. या प्रथिनाची दोन्ही टोकं समूह बांधण्यात भाग घेतात. शेपटाकडचा आयसोल्युसीन-प्रोलीन-आयसोल्युसीन हा तुकडा तर शेजारच्या एककाच्या खाचेत जाऊन बसतो. अशा ठिकाणी सहा हिस्टिडीनचं शेपूट लावलं की समूहाचा आकार बदलू शकतो. टॅगशिवायही शुद्धीकरण अवघड नाही: हे प्रथिन ई. कोलायमध्ये भरपूर आणि विरघळलेल्या रूपात बनतं, आयन-एक्स्चेंज कॉलम आणि मग जेल फिल्ट्रेशन केलं की पुरतं. नुसत्या वेस्टर्न ब्लॉटसाठी हवं असेल तर टॅगवाल्याने काही बिघडत नाही.

शुद्धता ९५ टक्के लिहिली आहे. पुरेशी आहे का?

उरलेल्या ५ टक्क्यांत काय आहे यावर ठरेल. ई. कोलायचं स्वतःचं चॅपरोन, ग्रोईएल, ५७ किलोडाल्टनच्या १४ एककांचं असतं, म्हणजे एकूण सुमारे ८०० किलोडाल्टन. जेल फिल्ट्रेशनमध्ये ते आपल्या मालाच्या शिखराला खेटूनच उतरतं. चॅपरोनची चाचणी करताना दुसऱ्या चॅपरोनची भेसळ चालणार कशी? एसडीएस जेलवर मुद्दाम जास्त माल भरा आणि ५७ व ७० किलोडाल्टनच्या पट्ट्या शोधा. ७० ला दिसलं तर ते जिवाणूचं डीएनए-के असण्याची शक्यता मोठी.

न्यूक्लिक आम्लाची भेसळही पाहा. हे प्रथिन २८० नॅनोमीटरला फार शोषत नाही, कारण त्यात ट्रिप्टोफॅन दोन आणि टायरोसीन दोनच. १ मिलिग्रॅमच्या द्रावणाचं वाचन ०.७ च्या आसपास यायला हवं. थोडासा डीएनए राहिला तरी प्रमाणाचा अंदाज साफ चुकतो, म्हणून २६० चं वाचन टाळू नका.

विरघळवायचं आणि साठवायचं कसं?

कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवून घ्या, माल तळाशी येतो. सांगितलेलं बफर हळू सोडा, दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, जोराने घुसळू नका. फेस आला म्हणजे हवेच्या पृष्ठभागावर प्रथिनांची घडी सुटते आहे. मग एकेका प्रयोगापुरते भाग करून उणे ८० अंशांत ठेवा. पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं टाळा. सोडियम फॉस्फेटच्या बफरमध्ये गोठवू नका. गोठताना त्यातला एक क्षार आधी स्फटिक होऊन बाहेर पडतो आणि आम्लता एकदम वाढते. वापरण्याआधी पुन्हा एकदा वेगाने फिरवून वरचंच द्रावण घ्या.

काम करतं की नाही हे कसं तपासायचं?

सर्वांत सोपी चाचणी इन्शुलिनची. इन्शुलिनच्या दोन साखळ्या डायसल्फाइड बंधांनी जोडलेल्या असतात. डीटीटी या रसायनाने ते बंध तोडले की बी साखळी सुटते आणि गुठळ्या धरते, द्रावण दुधाळ होतं. ३६० नॅनोमीटरला ते दुधाळपण मोजत राहायचं. अल्फा-बी क्रिस्टलिन घातलेल्या नळीत चढण मंद होते किंवा थांबते. आपल्या प्रथिनात सिस्टीन नसल्यामुळे डीटीटी त्याला हात लावत नाही, हा या चाचणीचा मोठा फायदा. सुरुवात वजनाने एकास एक प्रमाणाने करा, मग चॅपरोन कमी करत जा.

उष्णतेची चाचणी हवी असेल तर सायट्रेट सिंथेझ ४३ ते ४५ अंशांना वापरतात. ते एन्झाइम लहरी आहे, जुन्या साठ्याचं घेऊ नका.

तुलनेसाठी फक्त बफरची नळी पुरेशी नाही. कुठलंही प्रथिन भरपूर घातलं तर गुठळी थोडीफार लांबते, म्हणून तेवढ्याच वजनाचं, चॅपरोन नसलेलं दुसरं प्रथिन हवं. लोक सवयीने बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घेतात. डीटीटीच्या चाचणीत मला ते पटत नाही: त्यात १७ डायसल्फाइड बंध आहेत, डीटीटी त्यांच्यावरही चालून जातं. ज्यात असे बंध नाहीत असं प्रथिन निवडा. शिवाय चॅपरोन एकटं, डीटीटीसह, अशी एक नळी ठेवाच.

आमच्याकडे चाचणी दर वेळी वेगळी येते. प्रथिनात दोष असेल?

असू शकतो, पण मी आधी डीटीटीची बाटली पाहीन. एकदा आमच्याकडे दोन आठवडे असे गेले की चॅपरोन रोज थोडं जास्त चांगलं काम करतंय असं दिसायचं. सगळे खूश. मग कोणीतरी चॅपरोन नसलेल्या नळीचे जुने आलेख शेजारी ठेवले, तर तिथेही गुठळी रोज उशिरा सुरू होत होती. डीटीटीचं द्रावण हवेने ऑक्सिडाइझ होत चाललं होतं, एवढंच. तेव्हापासून ते त्याच दिवशी बनवतो.

दुसरी जागा बफरचा पीएच. डीटीटीचा जोर पीएचवर अवलंबून असतो, तेव्हा अर्ध्या एककाचा फरकही वेग बदलतो. तिसरी, इन्शुलिन नीट विरघळलेलं नसणं. आधी ते सौम्य आम्लात विरघळवा, मग बफरमध्ये आणा.

तंतूंच्या चाचणीत काय सांभाळायचं?

थायोफ्लेविन-टी हे रंगद्रव्य अमायलॉइड तंतूंना चिकटून ४८२ नॅनोमीटरच्या आसपास चमकतं. अल्फा-बी क्रिस्टलिन घातल्यावर चमक कमी झाली म्हणजे तंतू कमी झाले असं लगेच मानू नका. माल तंतूंऐवजी बेशिस्त गुठळीत गेला तरी चमक उतरते. शेवटी नळी वेगाने फिरवून तळाशी किती माल बसला ते मोजा, आणि जमलं तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

हे प्रथिन तंतूच्या अंगालाही चिकटतं आणि त्याची वाढ रोखतं, म्हणून सुरुवातीला घालणं आणि मध्येच घालणं हे दोन वेगळे प्रयोग आहेत. तंतू थांबले म्हणजे विषारीपणा थांबला, हेही गृहीत धरता येत नाही. अमायलॉइड-बीटावरच्या १९९९ मधल्या एका कामात अल्फा-बी क्रिस्टलिनने तंतू रोखले, पण चेतापेशींवरचा विषारी परिणाम वाढलेला दिसला. लहान, न रचलेले समूह जास्त घातक असू शकतात.

पेशींवर घालायचं आहे. काही वेगळी काळजी?

एंडोटॉक्सिन. ई. कोलायच्या आवरणातला हा पदार्थ प्रथिनासोबत येतो आणि रोगप्रतिकारक पेशींना अत्यल्प प्रमाणातही चेतवतो. एचएसपी७० बाबत हा धडा महागात पडला. ते प्रथिन पेशींना दाहकारक रसायनं सोडायला लावतं असं बरीच वर्षं छापून येत होतं, २००३ च्या सुमारास दाखवून दिलं गेलं की त्या परिणामाचं मोठं श्रेय एंडोटॉक्सिनच्या भेसळीला होतं.

साधी परीक्षा अशी: थोडा माल उकळा. उकळल्याने प्रथिन निकामी होतं, एंडोटॉक्सिन होत नाही. उकळलेल्या मालानेही तोच परिणाम दिसला तर दोषी कोण ते कळलं.

आर१२०जी हा बदललेला प्रकार लोक इतका का मागतात?

१२० व्या जागी आर्जिनीनऐवजी ग्लायसीन. १९९८ मध्ये एका कुटुंबातल्या स्नायूंच्या आणि हृदयाच्या आनुवंशिक आजाराचं कारण म्हणून हा बदल सापडला. त्याच कुटुंबात मोतीबिंदूही होता. अशा स्नायूंत डेस्मिन, म्हणजे स्नायुपेशीच्या सांगाड्यातलं प्रथिन, आणि अल्फा-बी क्रिस्टलिन दोन्ही गुठळ्यांत अडकलेली दिसतात, म्हणजे सावरणाराच गुठळीत. प्रयोगात तो 'बिघडलेल्या चॅपरोनची' तुलना म्हणून उत्तम, पण तो स्वतःच अस्थिर आहे. उरलेला माल पुढच्या महिन्यासाठी ठेवू नका.

याचे थेंब डोळ्यात घालून मोतीबिंदू जाईल का?

नाही, आणि प्रयोगशाळेसाठी बनवलेला माल डोळ्यात घालायचा विचारही करू नका. एवढा मोठा समूह बुबुळापलीकडे, भिंगाच्या गाभ्यापर्यंत पोचणं कठीण. पोचला तरी झालेली गुठळी तो सोडवत नाही, हे वर आलंच. उलट बाजूने प्रयत्न झाले आहेत: भिंगातल्याच अल्फा क्रिस्टलिनला स्थिर करणारे छोटे रेणू शोधायचे. २०१५ मध्ये लॅनोस्टेरॉल आणि दुसऱ्या एका स्टेरॉलवर उत्साहवर्धक निकाल आले. पुढे इतरांनी लॅनोस्टेरॉल तपासलं तेव्हा तो परिणाम त्यांना दिसला नाही. आज मोतीबिंदूवर खात्रीचा उपाय शस्त्रक्रिया हाच आहे.

मग औषध म्हणून याचा काहीच उपयोग नाही?

तसं म्हणणं घाईचं ठरेल. मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतासंस्थेच्या आजारात १९९५ साली हे प्रथिन रोगप्रतिकारक पेशींचं लक्ष्य म्हणून पुढे आलं. २००७ मध्ये त्याच आजाराच्या उंदरांवरील नमुन्यात बाहेरून दिलेल्या अल्फा-बी क्रिस्टलिनने लक्षणं सौम्य झाली. एकच प्रथिन एकीकडे आरोपी, दुसरीकडे वैद्य. हे कोडं मला या विषयातलं सर्वांत रंजक वाटतं. पण उंदीर ते माणूस हे अंतर मोठं आहे, आणि कुपीवर 'केवळ संशोधनासाठी' असं लिहिलेलं असतं ते शोभेसाठी नाही.

कुपी उघडली तर आत काहीच दिसत नाही. रिकामी आली का?

बहुतेक नाही. १०० मायक्रोग्रॅम वाळवलेलं प्रथिन काचेला पापुद्र्यासारखं चिकटून बसतं, कधी झाकणालाही. रागाने फोन करण्याआधी कुपी फिरवा, बफर घालून भिंती ओल्या करा, पंधरा मिनिटांनी २८० चं वाचन घ्या. तरीही शून्य आलं तर मात्र जरूर फोन करा.